दोन विमानं

मराठी माणूस तंजावरला गेला की बृहदीश्वराच्या आवारात 1803 सालचा भोसले वंशाचा मराठी शिलालेख शोधतो. मीही शोधला. पण जास्त रेंगाळलो ते देवळाच्या विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराच्या, पायाशी.

तिथे राजराज चोळाच्या काळातले तमिळ लेख आहेत. देवाला काय दिलं, कोणी दिलं, आणि (मला हे फार आवडलं) ते कशानं जोखलं, हेही कोरलेलं. सोन्यासाठी ‘आडवल्लान’ नावाचा दगड, रत्नांसाठी ‘दक्षिणमेरुविटंकन’ नावाचं वजन. दोन्ही नावं देवाचीच. देणारा राजा असो की त्याची बहीण कुंदवै, वजन देवळाचंच.

आता दुसरं विमान, उडणारं. एअरबस ए-380 चे भाग चार देशांत आखले गेले. हॅम्बुर्गचे अभियंते ‘कॅटिया’ या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, तुलूझचे पाचवी. सॉफ्टवेअर एकाच घरचं, नावही एकच. तरी हॅम्बुर्गहून आलेल्या तारांच्या जुड्या तुलूझला बसवताना आखूड पडल्या. एका विमानात सुमारे 530 किलोमीटर तारा. 2006 मध्ये सगळं वेळापत्रक कोसळलं. 1999 मध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं यान तर पाउंड आणि न्यूटन यांच्या घोळातच हरवलं.

अनेकांनी मिळून एकच आराखडा करायचा, तर पूर्वी एकानं फाइल उघडली की बाकीच्यांना कुलूप. सुरक्षित, पण सगळे ताटकळत. आता पुण्यातला बदल म्युनिकला लगेच दिसतो, आणि सॉफ्टवेअर विकणारे तेवढंच सांगतात. दिसणं हा सोपा भाग आहे. एकानं पाइप सरकवला, दुसऱ्यानं तुळई खाली घेतली. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि पाइप तुळईतून आरपार. ही टक्कर यंत्र क्षणात दाखवतं. माघार कोणी घ्यायची, हे त्याला कळत नाही. ते ठरवणारा माणूस कोण, हे काम सुरू होण्याआधी ठरलेलं नसेल, तर महागडं सॉफ्टवेअर फक्त भांडण लवकर लावून देतं. आणि निर्णय झाल्यावर कोणी, कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या मापात बदल केला, ही नोंद कंटाळवाणी म्हणून आपण सर्वांत आधी वगळतो. चोळांच्या कारकुनांनी ती दगडात कोरली.

तंजावरला गेलात तर मराठी लेख पाहून लगेच बसस्टँड गाठू नका. विमानाच्या पायाशी वाका, आणि जुनी तमिळ लिपी वाचणारं कुणी भेटलं तर ‘आडवल्लान’ कुठे कोरलंय ते विचारा.