छंदाचा रकाना

आमच्या पिढीतल्या मुलींच्या लग्नाच्या बायोडाटात शेवटी ‘छंद’ असा एक रकाना असायचा आणि त्यात ‘वाचन, विणकाम, भरतकाम’ हे शब्द जणू छापूनच यायचे. माझ्याही बायोडाटात ते होते. (त्यातलं वाचन खरं होतं.) त्या काळातल्या ‘वधू पाहिजे’च्या जाहिराती काढून पाहिल्या, तर हीच कौशल्यं तिथे ‘गृहकृत्यदक्ष’ या भारदस्त शब्दात सापडतात. म्हणजे मुलीच्या बाजूने जो छंद, तीच मुलाच्या बाजूने पात्रतेची अट! लग्न झाल्यावर त्या कामाला काय म्हणायचं, हे मात्र कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

मी प्रत्यक्षात विणायला शिकले ती इथे कॅनडात, चाळिशी गाठताना. मास्टर्स, नोकरी, मग स्वतंत्र आयटी कन्सल्टिंग असा आपल्यातल्या अनेकांचा असतो तसाच माझा प्रवास. कन्सल्टंटचं आयुष्य म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन. कोणत्या क्लायंटसाठी किती चौकोन खर्ची पडले ते टाइमशीटमध्ये भरायचं आणि त्यावर बिल लावायचं. अशा बाईच्या हातात सुया दिल्या त्या माझ्या मैत्रिणीने. ती मूळची सांगलीकडची. तिकडे शाळेत शिक्षिका होती. इथे आल्यावर ती पदवी तशीच्या तशी चालेना, आणि नव्याने सगळं करण्याइतका वेळ आणि पैसा त्या वर्षांत घरात नव्हता. मग मुलं, मग सासूबाईंचं आजारपण. शनिवारी दुपारी तिच्या मिसिसागाच्या घरी बेसमेंटमध्ये आम्ही दोघी बसतो. बाहेर बर्फ, आत आल्याचा चहा. मी सुलट-उलट करत एखादा स्वेटर पुढे रेटते आणि ती विणते, शिवते, उसवते, पुन्हा शिवते. माझा निसटलेला टाका चार ओळी खाली जाऊन क्रोशाच्या सुईने वर आणणं हेही तिचंच काम.

मला छळणारा प्रश्न इथूनच सुरू होतो. मी विणते हे ऑफिसात कळलं, तेव्हा लोक म्हणाले, ‘‘वा! स्ट्रेस किती कमी होत असेल!’’ तिला मात्र आपलीच माणसं म्हणतात, ‘‘बरंय, घरी वेळ तरी जातो.’’ सोफा तोच, लोकर तीच, आणि हात तर तिचाच अधिक तयार. मग माझं ते जोपासलेलं छंद आणि तिचं ते वेळ घालवणं, हे ठरवलं कुणी? मला वाटतं, ते ठरतं बाकीच्या पाच दिवसांवरून. आठवडाभर ज्याच्या वेळेला कुणीतरी पैसे मोजतं, त्याचा शनिवार ‘फावला’ ठरतो. ज्याच्या वेळेला कुणीच मोजत नाही, त्याचा सगळाच वेळ फावला समजला जातो.

हे नुसतं शब्दांचं भांडण वाटलं असतं, पण मध्ये एका गोधडीने ते पैशांवर आणून ठेवलं.

गोधडी कशी होते ते आपल्या इथल्या मुलांना ठाऊक नसेल म्हणून थोडं सांगते. इकडच्या क्विल्टमध्ये वरचं कापड, खालचं कापड आणि मध्ये कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा तयार थर असतो, आणि आता बहुतेकांची शिवण मशीनवरच होते. आपल्या गोधडीत तयार थर नसतोच. जुन्या सुती साड्या आणि लुगडी एकावर एक अंथरायची. ज्यांचे काठ चांगले असतील ते वर घ्यायचे, विरलेला भाग आत दडवायचा. मग जाड सुईने कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे यायचं. सगळी ऊब त्या जुन्या कापडाच्या थरांची, आणि मऊपणा त्यांच्या वर्षानुवर्षांच्या धुण्याचा. नवं कोरं कापड घेऊन शिवलेली गोधडी अंगाला टोचते, असं मैत्रीण म्हणते. गावाकडे गोधड्या शिवून देणाऱ्या बायका असायच्या आणि त्यांना त्याचे पैसेही मिळायचे, थोडे का होईना. तेव्हा गोधडी ही फक्त आजीच्या मायेची गोष्ट होती असं समजायचं कारण नाही.

तर आमच्या ओळखीतल्या एका बाईंची आई भारतात वारली. परत येताना त्यांनी सामानातून आईच्या सहा सुती साड्या आणल्या आणि मैत्रिणीला म्हणाल्या, ‘‘याची एक गोधडी करून देशील? तू घरीच असतेस म्हणून विचारते.’’ तिने ती शिवली. मी दर शनिवारी पाहत होते. सवयीने एका कोपऱ्यात तास टिपून ठेवत होते, आणि आठवड्यातले तिला विचारून घेत होते. बासष्ट तास झाले. गोधडी पाहून त्या बाई रडल्या, अगदी खऱ्या. निघताना त्यांनी हातात पाकीट दिलं. आत ८० डॉलर होते. ‘‘दोऱ्याबिऱ्याचा खर्च झाला असेल ना!’’

मी गणित केलं. ताशी एक डॉलर एकोणतीस सेंट. ओंटारिओत १ ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन ताशी १७ डॉलर ६० सेंट झालं. त्या हिशेबाने गोधडीचे १,०९१ डॉलर होतात, आणि हा दर कसलंही कौशल्य न लागणाऱ्या कामाचा. मी तावातावाने हे सांगितलं, तेव्हा मैत्रिणीने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, ‘‘अगं, हजार डॉलरचं बिल दिलं असतं तर त्या रडल्या असत्या का?’’

‘‘रडल्या असत्या, वेगळ्या कारणाने,’’ मी म्हटलं. पण तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बिल दिलं की देणारी आणि घेणारी दुकानदार-गिऱ्हाईक होतात आणि व्यवहार मिटतो. गोधडीत जे दिलं ते मिटू नये म्हणूनच दिलेलं असतं. मग बासष्ट तासांचं करायचं काय?

या प्रश्नावर आपल्या या देशात एक बाई फार सरळ उभी राहिली होती. सॅस्काचेवान प्रांतातल्या सॅस्काटूनच्या कॅरल लीस या तीन मुलांच्या आई, घर सांभाळणाऱ्या. १९९१ च्या जनगणनेच्या फॉर्मवर प्रश्न होता, गेल्या आठवड्यात तुम्ही किती तास काम केलं? सोबत सूचना होती की घरकाम त्यात धरायचं नाही. म्हणजे प्रामाणिक उत्तर शून्य. लीसबाईंनी शून्य लिहायला नकार दिला आणि फॉर्मच भरला नाही. जनगणना न भरणं इथे गुन्हा आहे, त्यामुळे कारवाईची धमकी आली. त्या हटल्या नाहीत. इतर बायकाही उभ्या राहिल्या, आणि १९९६ च्या जनगणनेत नवे प्रश्न आले: बिनपगारी घरकामाला किती तास, मुलांना सांभाळायला किती, वृद्धांना किती. २००१ आणि २००६ लाही ते होते. २०१० मध्ये सरकारने सक्तीचा मोठा फॉर्म रद्द केला आणि २०११ ला हे प्रश्नही गेले. २०१६ ला मोठा फॉर्म परतला, पण हे प्रश्न त्यात परतले नाहीत. वेळेच्या वापराची वेगळी नमुना पाहणी होते, पण जनगणनेत विचारणं आणि वेगळ्या पाहणीत विचारणं यात फरक आहेच.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की कॅरल लीस पगार मागत नव्हत्या. त्यांना तास लिहायला जागा हवी होती. आपल्या टाइमशीटच्या जगात मोजणं आणि दर लावणं एकाच दमात होतं, म्हणून आपण ते एकच धरतो. मैत्रिणीला दर नको आहे. पण म्हणून तास शून्य होत नाहीत.

न्यूझीलंडच्या मॅरिलिन वेअरिंग यांनी हाच मुद्दा अर्थशास्त्राच्या अंगाने १९८८ च्या पुस्तकात मांडला. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने १९९५ मध्ये त्यांच्यावर केलेला ‘हूज काउंटिंग?’ हा माहितीपट जरूर पाहा. समुद्रात तेल सांडलं की साफसफाईच्या खर्चाने राष्ट्रीय उत्पन्न वाढतं, आणि आईने बाळाला पाजलं तर मात्र त्यात काहीच भर पडत नाही, हा हिशेब त्या हसत हसत उलगडून दाखवतात.

आपल्याकडची कथा याहून विदारक आहे. भारताच्या २००१ च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बायका ‘काम न करणारे’ या वर्गात होत्या, आणि त्याच वर्गात भिकारी आणि कैदीही होते. २०१० साली अपघाताच्या नुकसानभरपाईचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. मुद्दा होता गेलेल्या गृहिणीचं ‘उत्पन्न’ किती धरायचं. त्यात न्यायमूर्ती अशोक कुमार गांगुली यांनी या वर्गवारीवर कडक ताशेरे ओढले. २०१९ च्या भारतातल्या वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, आणि ती करणाऱ्या पुरुषांची ९७. (इथे येऊन पुरुषांचा आकडा वाढतो हे मी डोळ्यांनी पाहते. बर्फ उपसणं त्यांच्याकडेच असतं. पण ते उपसून झालं की सगळ्या गल्लीला कळलेलं असतं, एवढाच काय तो फरक.)

आता दुसरी बाजू. ‘मायेच्या कामाला मोल लावू नये’ हे वाक्य देणाऱ्याच्या तोंडी शोभतं. घेणाऱ्याच्या तोंडी ते आलं की काय होतं, त्याचं उदाहरण याच देशात आहे. व्हँकुव्हर बेटावरच्या डंकनच्या आसपास कोस्ट सॅलिश बायका काउइचन स्वेटर विणतात. पांढऱ्या, राखाडी, काळ्या नैसर्गिक रंगांच्या जाड लोकरीचे, बिनजोडाचे गोल विणलेले. घोंगड्या विणण्याची कला त्यांच्याकडे पूर्वापार होतीच. सुयांवरचं विणकाम त्यांनी एकोणिसाव्या शतकात वसाहतीतल्या गोऱ्या लोकांकडून उचललं आणि त्याचं स्वतःचं काही करून टाकलं. लोकर धुणं, पिंजणं, कातणं, विणणं सगळं घरात. स्वेटर जगभर गाजले, पण घर चालवण्यासाठी विणणाऱ्या बायकांना व्यापारी देत ते इतकं थोडं, की रात्र रात्र विणूनही हाती फारसं काही उरत नसे. क्रिस्टीन वेल्श यांचा या विणकर बायकांवरचा माहितीपट २००० सालचा आहे. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकसाठी हडसन्स बे कंपनीने तशाच धाटणीचे स्वेटर बाजारात आणले, तेव्हा काउइचन लोकांनी जाहीर आक्षेप घेतला. अखेर २००९ च्या ऑक्टोबरात तडजोड झाली आणि अस्सल काउइचन स्वेटरही ऑलिंपिकच्या दुकानात ठेवायचं ठरलं. त्या बायकांपैकी कुणाला जाऊन ‘तुमचा छंद किती सुंदर’ म्हणण्याची माझी तरी हिंमत नाही.

आपल्याकडेही सुई सुरुवातीपासून नुसती छंदाची नव्हती. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथे शिवण शिकवली जायची ती बाईला स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून. तिचा छंद कधी झाला आणि छंदाची अट कधी झाली, हा संशोधनाचा विषय आहे. असो.

मैत्रिणीशी मी यावर पुष्कळ वाद घातला आहे. तिचं म्हणणं, नात्यात हिशेब आला की नातं आटतं. माझं म्हणणं, हिशेब असतोच, फक्त तो एकाच माणसाच्या डोक्यात असतो आणि तिथे वर्षानुवर्षं कुजतो. ती म्हणते, सासूबाईंचं पाच वर्षं केलं, त्याचे तास मी लिहिले असते तर मला झोप लागली नसती. यावर माझ्याकडे उत्तर नाही. काही तास न लिहिण्याचा हक्कही माणसाला असावा, एवढं मी मान्य केलं आहे. पण तो हक्क तिचा. तिच्या वतीने शून्य लिहिण्याचा हक्क आणखी कुणाला कसा मिळतो? तेव्हा त्या पाकिटातल्या ८० डॉलरवर माझा राग नाहीच. ते रिकामं असतं आणि आत ‘बासष्ट तास दिलेस’ एवढी एक चिठ्ठी असती, तरी मी गप्प बसले असते. ‘‘तू घरीच असतेस’’ हे वाक्य मात्र मला अजून खुपतं.

स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर देणगीदारांची यादी असते. पन्नास डॉलरपासून पुढे सगळ्यांची नावं असतात, आणि ते योग्यच आहे. गेल्या गणेशोत्सवात लेझीमला उतरलेल्या चौदा मुलींच्या शिवलेल्या नऊवाऱ्या सगळ्यांनी पाहिल्या, फोटोही काढले. त्यांना एक्केचाळीस तास लागले होते. माझी सूचना अशी की त्या यादीच्या खाली तासांची एक यादी द्यावी. डॉलरमध्ये रूपांतर न करता, नुसते तास.

मैत्रिणीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘माझं नाव नको घालूस. तास लिही. आणि नुसते शिवणाचे नको, मोदकवाल्यांचेही लिही, नाहीतर पुढच्या वर्षी एकवीसशे मोदक तुलाच वळावे लागतील.’’