गेलेल्या जमिनीची चित्रे

ज्या घराण्याच्या जमिनीवर शहर वसले, त्याच घराण्यातल्या बाईने शहर होण्याआधी तो मुलूख कसा दिसत होता याची चित्रे जमवावीत, आणि लोकांना ती फुकट पाहता यावीत म्हणून संग्रहालय काढावे, याला काय म्हणायचे? परतफेड म्हणायची, की श्रीमंतांचा आणखी एक शौक? दक्षिण कॅलिफोर्नियात जोन अर्वाइन स्मिथ यांनी हे केले. २०१९ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या कामाने उभा केलेला प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर गेलेला नाही.

आधी जमिनीची हकीकत सांगितली पाहिजे. आयर्लंडहून आलेले जेम्स अर्वाइन सोन्याच्या शोधाच्या त्या धामधुमीत व्यापारात पैसेवाले झाले. १८६३-६४ च्या दुष्काळात दक्षिणेकडच्या मेक्सिकन जमीनदारांची गुरे मेली, ते कर्जात बुडाले, आणि अर्वाइन व त्यांच्या भागीदारांनी त्यांची कुरणे विकत घेतली. पुढे भागीदारांचा हिस्साही घेऊन समुद्रापासून डोंगरापर्यंत लाखभर एकरांची एकच मिळकत झाली. जोनबाई या जेम्स यांच्या पणती. १९६० नंतर याच जमिनीवर आखीव शहर उभे राहिले. तिथे विद्यापीठ यावे म्हणून बाईंनी घरच्या कंपनीत आग्रह धरला; हजार एकर जमीन एका डॉलरला दिली गेली आणि १९६५ मध्ये विद्यापीठ सुरू झाले. कंपनीची मालकी आणि तिची किंमत यावरून पुढे बरीच वर्षे कोर्टबाजी चालली. ती १९९० च्या आसपास संपत आली, बाईंच्या हाती मोठी रक्कम आली, आणि चित्रांची खरेदी सुरू झाली. १९९३ मध्ये अर्वाइन संग्रहालय उघडले ते ऑफिसांच्या एका टॉवरमध्ये, बाराव्या मजल्यावर. टेकड्या पाहायला लिफ्टने वर जायचे!

ही चित्रे कोणती? मोने आणि त्याच्या फ्रेंच मित्रांनी रूढ केलेला इम्प्रेशनिझम, आपल्याकडे ज्याला दृक्‌प्रत्ययवाद म्हणतात, तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उशिरा पोहोचला. तिथल्या लख्ख उन्हाला तो असा काही मानवला की १८९० पासून पुढची तीन-चार दशके चित्रकार रंगपेटी घेऊन उघड्यावरच बसले. गाय रोझ मोनेच्या जिव्हर्नी गावात काही वर्षे राहून आला होता. तो १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात परतला. जर्मनीत जन्मलेला विल्यम वेंट हिरव्या टेकड्यांपुढे भक्तासारखा उभा राही आणि माणसाला चित्रात क्वचितच येऊ देई. लगुना बीच या किनाऱ्यावरच्या गावात १९१८ मध्ये चित्रकारांची संघटना निघाली, एडगर पेन तिचा पहिला अध्यक्ष. मग मंदीचे दिवस आले, आधुनिक कलेचे वारे वाहू लागले, आणि या मंडळींना ‘युकॅलिप्टसवाले’ म्हणून हिणवण्यात येऊ लागले. चित्रे अडगळीत गेली. जोनबाईंच्या आधीही काही जाणकारांनी ती बाहेर काढायला सुरुवात केली होती; बाईंनी मात्र ती शेकड्यांनी घेतली.

आपल्या संग्रहामागचा विचार बाई उघडपणे मांडत. चित्र सुंदर आहे एवढ्यावर त्या थांबत नसत. ही भूमी कशी होती हे लोकांनी पाहावे, म्हणजे जी उरली आहे ती राखावी असे त्यांना वाटेल, असे त्यांचे सांगणे होते. थोडक्यात, चित्र म्हणजे साक्ष. इथेच खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. साक्ष म्हटली की साक्षीदाराला उलटतपासणी चुकत नाही.

ती थोडी करून पाहू. गाय रोझने लगुनाला रंगवलेली युकॅलिप्टसची उंच, सालपट सुटलेली झाडे या चित्रपरंपरेची खूणच झाली आहेत. पण युकॅलिप्टस ऑस्ट्रेलियाचे झाड. सोन्याच्या शोधाच्या काळात ते तिथे आणून लावले गेले. वसंतात टेकड्या पिवळ्या करणारी रानमोहरी युरोपातून आलेली. उन्हाळ्यात सोनेरी दिसणारे गवतही बहुतांशी गोऱ्यांच्या गुरांबरोबर आलेले. म्हणजे ज्याला आपण मूळचा निसर्ग म्हणून हळहळतो, तो चित्रात येईपर्यंत एकदा बदलून गेलेला होता.

माणसांचे तर विचारूच नये. या टेकड्यांवर आकाचेमेन आणि टोंग्वा लोक शतकानुशतके राहत होते. १७७६ मध्ये सान हुआन कापिस्त्रानो इथे स्पॅनिश मिशन स्थापन झाले. मिशनच्या छायेत आदिवासींना राबवले गेले आणि रोगराईने त्यांची वस्ती झडून गेली. चित्रकार पुढे त्याच मिशनची पडकी कमान रंगवतात, तिच्यावर ऊन, खाली फुलांचे ताटवे. कमान खरी, ऊनही खरे. पण ती कुणी बांधली हे त्या उन्हात दिसत नाही.

ग्रॅनव्हिल रेडमंडचे उदाहरण मला सगळ्यांत बोलके वाटते. हा चित्रकार बालपणीच बहिरा झालेला. चार्ली चॅप्लिनचा दोस्त; चॅप्लिनने त्याला आपल्या स्टुडिओत चित्रांसाठी जागा दिली, आपल्या सिनेमांत छोटी कामेही दिली. रेडमंडचा स्वतःचा ओढा करड्या, उदास, संध्याकाळच्या चित्रांकडे. गिऱ्हाइकांना हवी असत पॉपीच्या केशरी फुलांची शेते. पोट होते, त्याने फुले रंगवली, आणि अप्रतिम रंगवली. आज त्याचे नाव त्या फुलांमुळेच आहे. म्हणजे काय रंगवायचे ते आधी विकत घेणाऱ्याने ठरवले, आणि त्यातले काय जपायचे ते पुन्हा विकत घेणाऱ्यानेच ठरवले. अशा दोन चाळण्यांतून जे उरते त्याला आपण भूतकाळ म्हणतो.

म्हणून हा संग्रह खोटा ठरतो का? मला तसे वाटत नाही. अर्धी साक्षही साक्षच असते. साक्षीदाराने ती पूर्ण असल्याचा दावा करू नये, एवढेच. जोनबाईंवर नेहमीचा आक्षेप असा घेता येईल, की जमिनीच्या पैशावर मोठे झालेल्यांनी जमिनीसाठी अश्रू ढाळू नयेत. मला तो सोपा वाटतो, जरा स्वस्तही. वारसाला घरातली कागदपत्रे माहीत असतात, कुणाकडून काय भावाने घेतले हे माहीत असते. बोलायचे ठरवले तर त्याच्याइतके जाणते दुसरे कोणी नसते. आक्षेप घ्यायचाच तर तो हातचे राखून बोलण्यावर घ्यावा.

आता दुसरी बाजू. चित्र पाहून माणसे जमीन वाचवतात का? याच लगुनात, संग्रहालय निघण्याच्या चार वर्षे आधी, १९८९ मध्ये दोन छायाचित्रकारांनी खोऱ्यातल्या रस्त्याकडेला एक प्रचंड लांब भित्तिचित्र उभारले. त्यात तैलरंग नव्हते. लोकांनी घरच्या अल्बममधून काढून दिलेले हजारो फोटो त्यावर चिकटवले होते. त्या खोऱ्यात अर्वाइन कंपनीची घरबांधणी होणार होती. हजारो माणसे चालत तिथवर गेली, आणि पुढच्या वर्षी गावाने मतदान करून स्वतःवरच दोन कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांचा बोजा घेतला, खोरे विकत घेण्यासाठी. बारशाचे, सहलीचे, कुत्र्याचे फोटो! कलासमीक्षक ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत असे. तिथे साक्ष देणारा आणि किंमत मोजणारा एकच होता, म्हणून ती साक्ष लागू पडली असावी.

गंमत म्हणजे ज्या डोनाल्ड ब्रेनशी बाईंचा खटला चालला, त्याच्याच कंपनीच्या ताब्यातली हजारो एकर मोकळी जमीन पुढे राखीव झाली. २००६ मध्ये तिच्यातल्या मोठ्या भागाला राष्ट्रीय नैसर्गिक स्थळाचा दर्जा मिळाला. एकाने घरे बांधली आणि डोंगरही राखला, दुसरीने चित्रे राखली. कोणाचे पारडे जड, हा हिशेब मला तरी जमत नाही.

२०१६ मध्ये संग्रहातल्या सुमारे बाराशे कलाकृती अर्वाइनच्या विद्यापीठाला दान देण्यात आल्या. म्हणजे कुरणाची चित्रे कुरणाच्याच जमिनीवर परत आली. मालकीची वस्तू अमानत झाली, हे चांगलेच. आता ती सांभाळणाऱ्यांचे काम उरते. चित्राखालच्या पाटीवर चित्रकाराचे नाव, साल, माध्यम आणि दात्याचे नाव असते. ही टेकडी आज कोणत्या रस्त्याखाली आहे, चित्र काढले तेव्हा ती कोणाची होती, आणि त्याआधी कोणाची, हे लिहायला आणखी तीन ओळी लागतील.