चेहरा आधी, संदर्भ मागाहून?

जानेवारी 2021मध्ये लखनौच्या पोलिसांनी एक घोषणा केली. छेडछाडीची म्हणून ओळखली जाणारी 200 ठिकाणे निवडायची, तिथे कॅमेरे बसवायचे आणि संकटात सापडलेल्या स्त्रीचे हावभाव टिपून यंत्राने जवळच्या चौकीला इशारा द्यायचा. त्यावर चर्चा झाली ती खासगीपणाची. ती व्हायलाच हवी होती. पण बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे असे दोघेही एक गृहीत बिनबोभाट मान्य करून बसले होते: चेहऱ्यावर भावना उमटलेली असते आणि ती नीट वाचता येण्यापुरताच काय तो प्रश्न आहे. देहबोलीच्या कार्यशाळा याच भांडवलावर चालतात. क्षणभर चमकून जाणाऱ्या सूक्ष्म हावभावांवरून खोटे पकडण्याचा दावा तर विचारातही घेण्याजोगा नाही; अमेरिकेच्या विमानतळांवर अशा निरीक्षणावर सुमारे 90 कोटी डॉलर खर्च झाल्यावर तिथल्याच सरकारी लेखापरीक्षकांनी 2013 साली त्याला पुरेसा आधार नसल्याचा अहवाल दिला. उलट टोकाला, चेहऱ्यात काहीच नसते, सगळे संस्कृतीने रचलेले, असे म्हणणाऱ्यांनी ठसका लागलेल्या माणसाकडे एकदा पाहावे.

खरी अडचण आहे ती मधल्या, समंजस वाटणाऱ्या मताची. हे मत संदर्भ नाकारत नाही. ते म्हणते, चेहऱ्याला स्वतःचा एक मूळ अर्थ असतो, मेंदू तो आधी ओळखतो आणि मग प्रसंग पाहून त्यात दुरुस्ती करतो. डार्विनच्या 1872च्या ग्रंथापासून मानसशास्त्रज्ञ पॉल एकमनपर्यंतची परंपरा या मताच्या पाठीशी उभी केली जाते. एकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960च्या दशकात पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमध्ये केलेले काम तर निर्णायक पुरावा म्हणून सांगितले जाते. जगाशी फारसा संबंध न आलेल्या या लोकांनीही हर्ष, शोक, राग ओळखले, म्हणजे चेहऱ्याची लिपी सार्वत्रिक, असा तो निष्कर्ष. पण प्रयोगाची पद्धत पाहा. माणसाला आधी एक छोटी गोष्ट सांगायची, उदाहरणार्थ याचे मूल दगावले आहे, आणि मग समोरच्या दोन-तीन छायाचित्रांतून त्या गोष्टीतला माणूस निवडायला लावायचा. म्हणजे संदर्भ प्रयोगाच्या पहिल्या वाक्यातच हजर होता. पुढच्या संशोधकांनी पर्याय काढून घेतले, चेहरा दाखवून नुसते ‘याला काय वाटते आहे?’ असे विचारले, तेव्हा एकमत बरेच खाली आले. फोरे लोकांनी काहीच ओळखले नाही असे यावरून ठरत नाही. मात्र त्यांनी संदर्भाशिवाय ओळखले, हे या पद्धतीने सिद्ध होणे शक्य नव्हते.

‘आधी’ आणि ‘मागाहून’ या शब्दांवरच हे मत उभे आहे, म्हणून तेच तपासले पाहिजेत. हिलेल अविएझर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली किळस दाखवणारा ठरीव चेहरा मूठ उगारलेल्या देहावर बसवला. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो रागावलेला वाटला. इथवर दुरुस्तीवाद्याला हरकत नाही, तो म्हणेल की दुरुस्ती झाली. पण त्याच संशोधनात डोळ्यांच्या हालचालीही मोजल्या होत्या. संदर्भ बदलला की नजर चेहऱ्याच्या वेगळ्या भागाकडे वळत होती. जी गोष्ट चेहऱ्यातले काय पाहायचे हेच ठरवते, तिला पाहून झाल्यानंतरची दुरुस्ती कसे म्हणणार? वेळेचा युक्तिवादही टिकत नाही. चेहऱ्याला मेंदू सेकंदाच्या अंशात प्रतिसाद देतो, एवढ्यात संदर्भ येतोच कुठून, असे विचारले जाते. बियाट्रीस द गेल्डर यांच्या गटाने 2005 साली भेदरलेला चेहरा रागीट देहावर, रागीट चेहरा भेदरलेल्या देहावर ठेवून मेंदूतले विद्युत्-संकेत नोंदवले. चेहरा आणि देह यांची विसंगती सुमारे 115 मिलिसेकंदांतच त्या संकेतांत दिसली. एवढ्या एका मोजमापावर सगळा निकाल लावू नये, हे मान्य. पण मग आधीचा तो शुद्ध, संदर्भमुक्त टप्पा नेमका कधी असतो, हे दाखवण्याची जबाबदारी दुरुस्तीवाद्यावर येते. 2004 सालच्या एका प्रयोगात आश्चर्यचकित चेहऱ्याआधी ‘हिचे 500 डॉलर हरवले’ किंवा ‘हिला 500 डॉलर सापडले’ अशा अर्थाचे वाक्य दाखवले होते. चेहरे त्याच जातीचे, पण पैसे हरवल्याच्या वाक्यानंतर मेंदूतल्या अमिग्डाला या भावनांशी जोडलेल्या भागाचा प्रतिसाद अधिक होता. तिथे मूळ अर्थ कोणता म्हणायचा?

सर्वांत बोलका पुरावा मात्र 2012चा आहे, कारण तो आपला आत्मविश्वासच उघडा पाडतो. टेनिसमधला महत्त्वाचा गुण जिंकलेल्या आणि हरलेल्या खेळाडूंची छायाचित्रे घेतली. नुसता चेहरा पाहून जिंकलेला कोण आणि हरलेला कोण, हे लोकांना सांगता येईना. नुसता देह पाहून ते सांगता आले. पूर्ण छायाचित्र पाहणाऱ्यांनाही ते सांगता आले. पण हा भाव आपल्याला चेहऱ्यावरून कळला, असे त्यांना वाटत राहिले. देहाने दिलेली माहिती चेहऱ्याच्या खात्यावर जमा झाली होती. चेहऱ्याला मूळ अर्थ असतो हा आपला ठाम अनुभव अशाच जमाखर्चातून आला असेल, तर त्या अनुभवाची साक्ष किती धरायची?

हे सगळे प्रयोगशाळेतच कळले असेही नाही. भरताच्या रससूत्रात विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस होण्याची गोष्ट आहे. त्यांत विभाव, म्हणजे भाव जागवणारी परिस्थिती, पहिला. चेहरा आणि देहावर दिसणारे ते अनुभाव. ‘नाट्यशास्त्रा’त अश्रूंची कारणे दिली आहेत ती पाहण्यासारखी आहेत: आनंद, संताप, भय, शोक, आणि त्यांच्याच पंक्तीला धूर, अंजन, जांभई, थंडी. र. पं. कंगले यांच्या ‘रसभावविचार’मुळे (1973) हा भाग मराठी वाचकाला हाताशी आहे. भरत नटांसाठी लिहीत होता, मेंदूविज्ञान लिहीत नव्हता. आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊकच होते, हा सूर इथे लावायचा नाही. पण डोळ्यांतले पाणी दाखवून करुण रस होत नाही, हे त्याने आपल्या कॅमेरेवाल्यांपेक्षा स्पष्टपणे ओळखले होते.

चेहरा संदर्भासहच वाचला जातो, याचे एक ठळक उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. आरणगावजवळच्या मेहेराबादला 10 जुलै 1925 रोजी आध्यात्मिक गुरू मेहेरबाबांनी मौन धरले आणि 31 जानेवारी 1969ला देह ठेवेपर्यंत ते सोडले नाही. चेहऱ्यावरून भाव थेट पोचत असेल, तर तो इथे पोचायला हवा होता: प्रेमाने पाहणारे भक्त, वर्षानुवर्षांचा सहवास, मध्ये शब्दांचा अडथळा नाही. प्रत्यक्षात 1954पर्यंत अक्षरफलक होता, आणि पुढे हातांच्या खुणा, ज्यांना त्यांचे शिष्य एरच जस्सावाला शब्द देत. मजकूर सांगायला फलक लागतो, भाव तर चेहराच सांगतो, असा आक्षेप यावर येईल. पण बाबांचे हसरे छायाचित्र जगभर गेले ते ‘चिंता करू नका, आनंदी राहा’ या संदेशाची सोबत घेऊन. ती ओळ आणि त्या मौनाची माहिती, दोन्ही ठाऊक असलेला माणूस त्या हास्यात करुणा पाहतो. यात भक्ताची फसगत होते असे मला म्हणायचे नाही. माणूस चेहरा पाहतो तो असाच, जाणून घेतलेल्या गोष्टींसह. त्याच जिल्ह्यात शिंगणापूरला तर शनिदेवाला चेहराच नाही, उघड्यावरची काळी शिळा आहे, आणि तरी लोक तिच्या नजरेला भितात.

मला भेद करायचा आहे तो एवढाच: संदर्भ ही दुरुस्ती आहे की घटक? भेद पंडिती वाटेल, पण यंत्रांच्या बाबतीत सगळे त्यावर अवलंबून आहे. संदर्भ दुरुस्ती असेल, तर अभियंत्याचे उत्तर बरोबर आहे: यंत्राला जागा, वेळ, देहाची ठेवण अशी आणखी माहिती द्या, चुका कमी होतील. तो घटक असेल, तर एस.टी. स्टँडवर कपाळाला आठ्या घालून उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यात भीती, ऊन की उशिरा येणाऱ्या गाडीचा वैताग, यांतले काही आधीच लिहिलेले नसते. तिची गोष्ट ठाऊक असणाऱ्यालाच ते वाचता येते आणि ती गोष्ट कॅमेऱ्यापाशी नसते. युरोपीय संघाच्या 2024च्या कायद्याने नोकरीच्या जागी आणि शाळांत भावना ओळखणारी यंत्रे वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता मना केली, त्यामागेही या तंत्राच्या शास्त्रीय आधाराबद्दलची शंका नोंदलेली आहे. अशा यंत्राची अचूकता सांगितली जाते तेव्हा ती कशाच्या तुलनेत, हेही विचारले पाहिजे. बहुतेक वेळा ती तुलना असते सुट्या, कापून घेतलेल्या चेहऱ्यांवर दुसऱ्याच कोणीतरी चिकटवलेल्या भावनांच्या नावांशी. त्या छायाचित्रातल्या माणसाला त्या क्षणी काय वाटत होते, हे बहुधा त्याला कोणी विचारलेलेच नसते.