भोंगा न वाजण्याचा अर्थ

वाईट घडणार हे नक्की असेल तर मन एक वेळ ते पेलतं. घडेल की नाही हेच कळेनासं झालं की ते खचतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचं आणि साप निघाला की हाताला विजेचा झटका. ताण सर्वांत जास्त केव्हा होता? शक्यता निम्मी-निम्मी असताना. झटका बसणारच हे ठाऊक असलेली माणसं त्या मानाने शांत होती.

जे वाइस यांचे उंदरांवरचे प्रयोग याच्या कितीतरी आधीचे. काही उंदरांना झटक्यापूर्वी आवाज ऐकवला, काहींना नाही. झटके दोन्हीकडे सारखेच, पण पोटात व्रण जास्त झाले ते आवाज न ऐकणाऱ्यांच्या. आवाज ऐकून उंदराला झटका चुकवता येत होता असं नव्हे. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांचं स्पष्टीकरण मला फार पटतं: खरा फायदा आवाजाचा नाही, आवाज नसण्याचा आहे. भोंगा वाजलेला नाही, म्हणजे आता काही होणार नाही. तेवढा वेळ अंग सैल सोडता येतं.

आता किल्लारीच्या भूकंपाकडे पाहा. आदल्या वर्षी त्या भागात लहान धक्के बसले आणि थांबले. ३० सप्टेंबर १९९३ला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जाड दगडी भिंती आणि मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. माणसं गेली, घरं गेली. शिवाय शांत रात्रीवरचा भरवसा गेला. सगळं शांत होतं, तेव्हाच तर झालं! मग पुढच्या शांत रात्री छपराखाली पाठ कशी टेकणार? अशा माणसाला ‘आता काही होत नाही, झोपा’ असं सांगणं व्यर्थ असतं. त्याचं मन वेडं झालेलं नसतं, त्याने पुराव्याचे नियम बदललेले असतात.

हे घडायला भूकंपच लागतो असं नाही. बाप पिऊन येतो त्या घरातलं पोर चपलांच्या आवाजावरून संध्याकाळ ओळखायला शिकतं. कधी बाप नुसताच गप्प बसतो, तेव्हा ते मुद्दाम काहीतरी सांडतं, उलट बोलतं. लोक त्याला आगाऊ म्हणतात. मार चुकत नसेल तर निदान त्याची वेळ आपण ठरवावी, एकदाचं होऊन जाऊ दे, एवढाच त्याचा हिशेब असतो. तेच पोर मोठं झाल्यावर बायकोने दोनदा फोन उचलला नाही की भडकतं आणि घरात ‘हेकट’ ठरतं. भडकण्याचा त्रास खराच, तो घरच्यांनी निमूट सोसावा असं मी म्हणणार नाही. पण त्यामागे हुकमत गाजवण्याची हौस शोधणं मात्र चुकीचं.

म्हणून जाणते समुपदेशक ठरलेली वेळ सहसा मोडत नाहीत, स्वतःची रजा पुष्कळ आधी कळवतात, आणि चांगल्या नर्स सुई टोचण्याआधी ‘आता टोचते’ म्हणतात. नातेवाइकांचं मात्र निराळंच. अशाच माणसाला खूश करायला ते वाढदिवसाला अंधार करून दाराआड लपतात, एकदम ओरडतात आणि मग विचारतात, अरे, चेहरा का पडला तुझा?