मोडीच्या भावानें

जुनी वस्तु विकत घेणारा मनुष्य स्वतःस काटकसरी समजतो आणि नवी घेणारास उधळ्या म्हणतो. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर एका पातेल्यामुळें आला.

अमेरिकेंत लोक घरांतील नको झालेलें सामान सुटीच्या दिवशीं आपल्याच मोटारखान्यांत किंवा अंगणांत मांडून विकतात. आपल्याकडे तें काम जुना बाजार करतो. भेद एवढाच, कीं तेथें वस्तूचा मालक स्वतः समोर उभा असतो, येथें तो दिसत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका रविवारीं आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारांत गेलों होतों. गंजलेलीं कुलपें, बंद पडलेलीं घड्याळें, पाठ्यपुस्तकांचे ढीग यांतून हिंडतां हिंडतां जाड बुडाचें एक पितळी पातेलें दिसलें. विक्रेत्यानें नऊशें रुपये सांगितले. आम्हीं अर्धा तास घासाघीस करून सहाशेंवर सौदा ठरविला. मोडीच्या भावानें असा माल मिळाला, या आनंदांत घरीं परतलों.

सौभाग्यवतींनीं पातेलें उलटसुलट करून पाहिलें. काठाखालीं ठिपक्यांच्या अक्षरांत कोणा मुलीचें नांव, ‘मामाकडून’ असा उल्लेख आणि १९५६ हें साल कोरलेलें होतें. त्या म्हणाल्या, “अहो, हें कोणाच्या लग्नांतलें आणलेंत? आणि माळ्यावर आपलींच तीन पडलीं आहेत, त्यांचें काय?” पहिला प्रश्न वस्तूच्या मागील माणसाविषयीं होता, दुसरा आमच्या गरजेविषयीं. दोहोंपैकीं एकाचेंही उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं.

पहिल्या प्रश्नानें आम्हांस थोरोची आठवण झाली. साध्या राहणीचा पुरस्कार करणाऱ्या या अमेरिकन ग्रंथकारानें १८४५ सालीं कॉंकॉर्ड गांवानजीक वॉल्डन तळ्याच्या कांठीं झोंपडी बांधली. तिला २८ डॉलर आणि साडेबारा सेंट खर्च आला, हा हिशेब त्यानें १८५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘वॉल्डन’ या ग्रंथांत दिला आहे. महाविद्यालयांत असतांना तो आम्हीं मोठ्या कौतुकानें वाचला होता. त्यांतील फळ्या कोठून आल्या, इकडे मात्र लक्ष दिलें नव्हतें. रेल्वेवर काम करणाऱ्या जेम्स कॉलिन्स नांवाच्या आयरिश मजुराचें खोपट थोरोनें ४ डॉलर २५ सेंटांस घेऊन मोडलें. सौदा झाल्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें कुटुंब सारा संसार एका गांठोड्यांत बांधून वाटेनें जातांना त्याला दिसलें. मांजर तेवढें मागें राहिलें होतें. हें त्यानें लपविलें नाहीं, हा त्याचा प्रामाणिकपणा. तथापि खर्चाच्या यादींत फळ्यांची किंमत आहे, त्या गांठोड्याची नाहीं.

मग जुनें घेऊंच नये काय? तसें नव्हे. कॉलिन्सला ते चार डॉलर हवेच असावेत. आणि आम्हीं घेतलें नसतें तर तें पातेलें कदाचित् भट्टींत वितळलें असतें. दोष खरेदींत नाहीं; घासाघीस करून वांचविलेल्या तीनशें रुपयांस सद्गुणाचें नांव देण्यांत आहे. वस्तु पुष्कळदां कोणाच्या तरी अडचणीमुळें स्वस्त झालेली असते. ती स्वस्ताई आपल्या वांट्यास आली, हें आपलें सुदैव. तें कर्तृत्व नव्हे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. कोळसा कमी लागणारीं यंत्रें आलीं म्हणजे कोळशाचा एकंदर खप घटत नाहीं, उलट वाढतो, असें जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालींच दाखविलें. हाच न्याय संसारास लागू पडतो. जुनें स्वस्त मिळतें म्हणून आपण एकाऐवजीं चार नग आणतों, आणि वांचलेल्या पैशांत पांचवा नवा घेतों. जी जुनी वस्तु एखाद्या नव्या वस्तूची जागा घेते, तिनेंच बचत होते. गरजेवांचून आणलेली वस्तु शंभर वर्षांची असली तरी उधळपट्टीच होय. पतंजलीनें यमांमध्यें अस्तेय आणि अपरिग्रह हे दोन निरनिराळे सांगितले आहेत. मोल दिल्यानें चोरी टळते. संचय टळत नाहीं.

आमच्या लहानपणीं आजीचें जुनें लुगडें प्रथम गोधडींत जाई, मग पायपुसण्यांत. जें धड असे तें बोहारणीच्या गांठोड्यांत जाऊन त्याच्या मोबदल्यांत एखादें भांडें घरांत येई. यास कोणी तत्त्वज्ञान म्हणत नसे. तें बरेंचसें दारिद्र्य होतें, आणि त्याचे श्रम बायकांवर पडत. म्हणून त्याचे गोडवे गाण्यास आम्ही धजत नाहीं. परंतु घरांत आलेल्या वस्तूची तिच्या शेवटापर्यंतची जबाबदारी घर उचलीत असे, एवढें मात्र त्यांतून घेण्यासारखें आहे.

आमचे एक सहकारी विचारतात, कारखाने रोज डोंगराएवढा माल ओतीत असतां तुमच्या एका पातेल्यानें काय होणार? जगाचें फारसें कांहीं होणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु आपण किती घेतों आणि कां घेतों, याचा खरा हिशेब ठेवल्यास निदान स्वतःची फसवणूक तरी थांबते. आणि ज्यानें स्वतःस फसविणें सोडलें नाहीं, त्यानें कारखान्यांस बोल लावण्यांत अर्थ नाहीं.

माळ्यावरील तीन पातेल्यांपैकीं दोन, नवें बिऱ्हाड थाटणाऱ्या पुतण्यास हवीं आहेत कीं नाहींत तें विचारून, त्याला दिलीं. तिसरें वापरांत काढलें. बाजारांत जाण्यापूर्वीं काय आणावयाचें तें आतां घरींच लिहून घेतों, आणि बहुधा रित्या हातीं परततों. त्या नव्या-जुन्या पातेल्यास कल्हई करून घेतली. कल्हईवाला शोधण्यांत दोन रविवार गेले. त्यानें सांगितलेल्या मजुरींत या वेळीं घासाघीस केली नाहीं. काठाखालचें नांव घासून काढून देऊं का, असें त्यानें विचारलें. सौभाग्यवती म्हणाल्या, “राहूं द्या.” आमच्या घरचा भात आतां त्याच पातेल्यांत शिजतो.