गादीची अमानत

महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णा आणि वेण्णा साताऱ्याजवळ संगम माहुलीस मिळतात. तेथेच महाराणी ताराबाईंची समाधी आहे. याच महाबळेश्वरी १६६५ च्या सूर्यग्रहणपर्वात शिवछत्रपतींनी जिजाऊंची सुवर्णतुला केली होती. राजमातेचा गौरव करण्यात मराठ्यांची गादी कधी कृपण नव्हती. राजमातेने शिक्के-कट्यार स्वतःच्या हाती ठेवू म्हटले, की मात्र दरबाराची दृष्टी पालटत असे.

१७०० मध्ये सिंहगडावर शिवपुत्र राजारामाचे निधन झाल्यावर त्याच्या राणीने, ताराबाईने, म्हणजे सेनापती हंबीरराव मोहित्यांच्या या पंचविशीतल्या कन्येने, अल्पवयी पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून सात वर्षे आलमगीर औरंगजेबाच्या अफाट फौजेस असे झुंजविले, की शत्रुपक्षाचा इतिहासकार खाफीखान यासही तिची बुद्धी आणि कारभारातील जाण मान्य करावी लागली. परंतु ही सारी मुखत्यारी पुत्राच्या नावाची, म्हणजे कायद्याने केवळ अमानत. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटलेला शाहू, राजारामाच्या थोरल्या भावाचा पुत्र, अधिक जवळचा वारसा घेऊन उभा राहताच ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव खेडच्या रणात त्याला मिळाले, आणि सातारा ताराबाईंच्या हातून गेला; त्यांची गादी पन्हाळ्यास उरली.

खरा घाव मात्र घरातलाच. १७१४ मध्ये सवत राजसबाईने पन्हाळ्यावर ताराबाईंस पुत्रासह अटकेत टाकून स्वतःचा पुत्र संभाजी गादीवर बसविला. (सवतीमत्सर हा शब्द सापडला, की आपल्या इतिहासकथनाचे कारणमीमांसेचे श्रम वाचतात.) वस्तुतः राजसबाईने नवे असे काहीच केले नाही: पुत्राच्या नावे मातेने राज्य करावे, हा ताराबाईंचाच युक्तिवाद तिने ताराबाईंवर उलटविला. कैदेतच पुत्र निवर्तला. १७३० मध्ये शाहू आणि राजसबाईचा संभाजी यांच्यातील वारणेच्या संग्रामानंतर ताराबाई शाहूच्या हाती लागल्या आणि साताऱ्यास येऊन राहिल्या. बंदिवास तोच, पहारेकरी निराळे.

१७४९ मध्ये निपुत्रिक शाहू वारला, तेव्हा आपला लपवून वाढविलेला नातू म्हणून पुढे केलेल्या रामराजास ताराबाईंनी गादी मिळवून दिली. पण तो नानासाहेब पेशव्यांस दूर करीना, तेव्हा वर्षभरातच त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. जे आपल्या पुत्राच्या वाट्यास आले तेच नातवाच्या वाट्यास द्यावे, हे क्रौर्यच होय, आणि त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पुढे १७५२ मध्ये, जेजुरीस खंडोबासमोर, हा आपला नातू नव्हेच, अशी शपथ त्यांनी घेतली. या शपथेच्या सत्यासत्यतेवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. मला त्याहून विचारार्ह वाटते ते हे, की जिची सारी मुखत्यारी कायद्याने दुसऱ्याच्याच नावाची होती, तिच्या एका शब्दावर छत्रपतींच्या वंशाचे औरसत्व अवलंबून होते. आणि तो शब्द तिने मागे घेतला, तरी पेशव्यांनी रामराजाचे छत्रपतिपद तसेच चालू ठेवले, कारण कारभार पुण्यास चालत होता आणि शिक्क्यापुरता राजा कोणत्याही कुळाचा चालला असता. ताराबाई १७६१ मध्ये वारल्या. रामराजा त्यानंतर सोळा वर्षे छत्रपती म्हणवला गेला.