कंपनीचं चांगलं वर्ष

कराडच्या एक बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे बँकेत जमा झाले, तसा पुण्याहून भाचा यादी घेऊनच आला. वर्षानुवर्षं भरपूर लाभांश देणाऱ्या कंपन्यांची नावं, शेजारी भाव, त्यापुढे टक्के. "आत्या, एफडीच्या व्याजावर किती दिवस काढणार? हे घेऊन ठेव, घरबसल्या पैसे येतील."

आत्याने चष्मा लावला आणि एकेका नावावर बोट ठेवत विचारलं, "ही कंपनी करते काय?"

एक विजेच्या तारा टाकणारी, एक कोळसा काढणारी, एक सॉफ्टवेअरची, एक सिगारेटची.

पहिल्या नावापुढे भाच्याने लाल शाईने 'उद्याच' असं लिहिलं होतं. परवा रेकॉर्ड डेट होती, म्हणजे त्या दिवशी ज्यांच्या नावावर शेअर असेल त्यांनाच लाभांश मिळणार होता. "उद्या घेतला तर शेअरमागे 12 रुपये आपले."

"आणि परवा भाव तेवढाच राहील?"

"नाही, साधारण लाभांशाइतका उतरतो," भाच्याने सरळ सांगितलं.

"म्हणजे 400 चा शेअर 388 वर येणार, माझेच 12 रुपये माझ्या हातात पडणार आणि त्यावर मी कर भरणार." एप्रिल 2020 पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्यावर कर त्यालाच भरावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. "हा पुढच्या महिन्यात घेऊ." भाच्याला ते पटलं. तारीख जवळ आली की भलेभले हिशेबी लोक एवढी साधी वजाबाकी विसरतात.

सिगारेटच्या नावावर मात्र आत्याने काट मारली.

भाचा चक्रावला. यादीतलं सगळ्यात भरवशाचं नाव तेच होतं. "आतोबांनी सिगारेट कधी ओढली नाही, आत्या. ते तंबाखू मळायचे."

खरं होतं. आतोबांच्या तोंडाच्या कॅन्सरवर परळच्या टाटा रुग्णालयात उपचार चालले, तेव्हा नवराबायको दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली होती. रेडिएशननंतर जबडा आखडला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची, असा व्यायाम होता. काड्यांची जुडी आत्या धुऊन, पुसून रुमालात बांधून ठेवत. चमचा आत जाईल एवढं तोंड उघडलं त्या दिवशी त्यांनी पेज भरवली होती. आतोबा पुढे फार दिवस राहिले नाहीत.

भाच्याला हे माहीत होतं, तरी त्याने मुद्दा सोडला नाही. "तू शेअर बाजारातून घेणार. तुझे पैसे विकणाऱ्याला जातात, कंपनीला एक पैसाही मिळत नाही. तू न घेतल्याने एक सिगारेटही कमी खपणार नाही."

"कबूल," आत्या म्हणाल्या. "पण लाभांश कुठून येतो?"

"नफ्यातून."

"आणि नफा वाढला म्हणजे?"

भाचा गप्प राहिला.

"खप वाढला म्हणजे, किंवा भाव वाढवूनही लोकांना सोडवलं नाही म्हणजे. त्या कंपनीचं वर्ष चांगलं जावं असं दरवर्षी मला वाटायला लागेल. तेवढंच मला नकोय."

"तुझ्या इंडेक्स फंडातही ती कंपनी आहे. एलआयसीचे पैसेही तंबाखूत आहेत."

"असतील. सगळंच निवडून काढणं माझ्याच्याने होणार नाही. पण जे माझ्या हाताने घ्यायचं, ते तरी मी बघून घेईन."

याला कुणी भाबडेपणा म्हणेल. मला तसं वाटत नाही. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन निधीने 2010 साली तंबाखू बनवणाऱ्या कंपन्या आपल्या गुंतवणुकीतून वगळल्या. सरकारी विमा कंपन्यांनी तंबाखूत पैसे घालू नयेत म्हणून 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. आत्याचा प्रश्न एकट्या आत्याचा नाही. तरीही त्यांनी तो भाच्यावर लादला नाही. त्याच्याकडे सिगारेटच्या कंपनीचा शेअर होता. तो विकून टाक, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. कोळशाबद्दल भाच्याने आपणहून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "घरात वीज जळते माझ्या. त्याचा विचार करायला मला वेळ दे." तो शेअर त्यांनी अजून घेतलेला नाही, नाकारलेलाही नाही.

सिगारेटच्या कंपनीने त्या वर्षी चांगला लाभांश दिला. आत्यांना तो मिळाला नाही आणि त्यांनी त्याबद्दल हळहळही केली नाही.

भाचा आजही ओळखीच्यांना याद्या करून देतो. टक्क्यांच्या आधी त्याने आता एक रकाना वाढवला आहे: कंपनी काय विकते. तुमची यादी कुणी करून दिली असेल, तर हा रकाना त्यात आहे का, तेवढं एकदा बघून घ्या.